फॉस्फरस-३२: औषधोपचारात आणि जीवशास्त्राच्या संशोधनात त्याचा नेमका उपयोग काय?

मार्कंडेय_काठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. घरातील जुनी कागदपत्रे लावत असताना आमच्या काकांची एक वैद्यकीय फाईल हाती आली. ऐंशीच्या दशकात त्यांना पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी बेसुमार वाढण्याचा विकार, झाला होता. त्यासाठी बेळगावहून मुंबईला नेऊन त्यांना शिरेतून 'सोडियम फॉस्फेट पी-३२, चार मिलिक्युरी' (पी-३२ म्हणजे किरणोत्सारी फॉस्फरस-३२, मिलिक्युरी हे किरणोत्साराचे माप) दिल्याची नोंद त्या फाईलीत आहे. काका त्यानंतर बरीच वर्षे धडधाकट होते आणि वयोमानाने गेले, त्यामुळे तक्रार अशी काही नाही. पण किरणोत्सारी पदार्थ मुद्दाम शरीरात सोडण्यामागे कोणता विचार होता, तो उपचार आज का ऐकू येत नाही आणि त्याचा काकांच्या मुलांवर काही परिणाम संभवतो का, हे समजून घ्यायचे आहे. माझी भाची जैवतंत्रज्ञान शिकते. हाच पदार्थ संशोधनाच्या प्रयोगशाळांतही वापरतात, असे ती म्हणते. जाणकारांनी सवडीने सविस्तर लिहावे, ही विनंती.

शहापूर_जीवरसायन

प्रश्न चांगला आहे. मी जीवरसायनशास्त्र शिकवले असल्यामुळे संशोधनाच्या बाजूने लिहितो; उपचाराच्या बाजूबद्दल मंचावरील डॉक्टरांनी लिहिलेले बरे.

निसर्गात सापडणारा सर्व फॉस्फरस एकाच प्रकारचा असतो, तो म्हणजे फॉस्फरस-३१, आणि तो पूर्णपणे स्थिर आहे. फॉस्फरस-३२ च्या अणुकेंद्रात एक न्यूट्रॉन जास्त असतो. तेवढ्यामुळे तो अस्थिर होतो, एक वेगवान इलेक्ट्रॉन, म्हणजे बीटा कण, बाहेर टाकतो आणि स्वतः गंधक-३२ होऊन बसतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ, १४.३ दिवसांचे आहे. याच्यासोबत गॅमा किरण निघत नाहीत, ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवावी. बीटा कणाची कमाल ऊर्जा १.७१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, हवेत तो सुमारे सहा मीटरपर्यंत जाऊ शकतो, पण शरीराच्या ऊतींमध्ये फार तर आठ मिलिमीटर जातो. म्हणजे तो जिथे आहे त्याच्या आसपासच काय ते नुकसान करतो.

आता मुख्य मुद्दा. पेशीला फॉस्फरस-३१ आणि फॉस्फरस-३२ यांतला फरक कळत नाही. रासायनिक वागणूक इलेक्ट्रॉनांवरून ठरते आणि ती दोघांची सारखीच असते. त्यामुळे पेशी किरणोत्सारी फॉस्फेट उचलते आणि जिथे नेहमीचे फॉस्फेट लावायचे तिथेच ते लावते: डीएनएच्या कण्यात, एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक रेणूत, पेशीपटलातील मेदद्रव्यांत, हाडांत. या पदार्थाची सारी उपयुक्तता या न कळण्यात आहे आणि सारा धोकाही त्यातच आहे. काकांच्या उपचारात पेशीची ही फसगत मारण्यासाठी वापरली, प्रयोगशाळेत ती माग काढण्यासाठी वापरतात.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो फॉस्फरसपासूनच सुरू होतो. १९३४ मध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी यांनी ॲल्युमिनियमवर अल्फा कणांचा मारा केला आणि माणसाने तयार केलेले पहिले किरणोत्सारी मूलद्रव्य मिळवले. तो फॉस्फरसच होता, पण फॉस्फरस-३०, अवघ्या अडीच मिनिटांच्या अर्धायुष्याचा. इतक्या अल्पजीवी पदार्थाने जीवशास्त्राचे काम भागण्यासारखे नव्हते. पुढच्याच वर्षी कोपनहेगनमध्ये जॉर्ज द हेवेशी यांनी कार्बन डायसल्फाइडवर न्यूट्रॉनांचा मारा करून त्यातील गंधकापासून फॉस्फरस-३२ मिळवला आणि शिविट्झ या सहकाऱ्याबरोबर तो उंदरांना खाऊ घातला. हाड एकदा तयार झाले की ते भिंतीसारखे तसेच राहते, ही तोवरची सर्वसाधारण समजूत होती. उंदरांच्या हाडांत काही दिवसांतच किरणोत्सारी फॉस्फरस सापडला आणि नंतर तो हळूहळू बाहेरही पडला. नीट खाऊ घातलेल्या उंदराच्या शरीरात फॉस्फरसचा एक अणू सरासरी सुमारे दोन महिने राहतो, असा हिशोब त्यांनी मांडला. हाडसुद्धा सतत मोडत आणि बांधले जात असते, हे आज आपण सहज बोलून जातो. ते असे मोजून सिद्ध झाले आहे.

यानंतरचा सर्वांत गाजलेला प्रयोग १९५२ चा, आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांचा. आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये असते की प्रथिनात, हा तेव्हाचा वाद होता. जिवाणूंवर वाढणाऱ्या टी-टू नावाच्या विषाणूच्या प्रथिनात गंधक असते पण फॉस्फरस जवळजवळ नसतो, आणि डीएनएमध्ये फॉस्फरस असतो पण गंधक नसते. त्यांनी विषाणूंच्या एका गटाच्या डीएनएवर फॉस्फरस-३२ ची आणि दुसऱ्या गटाच्या प्रथिनावर गंधक-३५ ची खूण केली, जिवाणूंना त्यांची लागण होऊ दिली आणि मग ते मिश्रण स्वयंपाकघरातल्यासारख्या मिक्सरमधून घुसळले. बाहेर चिकटलेली विषाणूंची टरफले सुटून आली, त्यांच्याबरोबर बहुतेक गंधकही आले. फॉस्फरस बहुतांशी जिवाणूच्या आत राहिला आणि त्याचा काही भाग पुढच्या पिढीच्या विषाणूंतही उतरला. हर्शी यांना १९६९ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

त्याच हर्शी यांचा १९५१ चा दुसरा प्रयोग पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही, पण मला तो जास्त आवडतो. विषाणूच्या डीएनएमध्ये भरपूर फॉस्फरस-३२ भरून तो तसाच ठेवून दिला, तर विषाणू दिवसागणिक मरत जातात. बाहेरून किरणांचा मारा होतो म्हणून नव्हे, तर डीएनएच्या कण्यात बसलेला फॉस्फरसचा अणू जागच्या जागी गंधक होतो आणि कण्याचा तो सांधा तुटतो म्हणून. काकांच्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांतील रक्तपेशी बनवणाऱ्या भागात, याच गोष्टीचा वाटा किती आणि बीटा कणांच्या माऱ्याचा किती, हे डॉक्टरांनी सांगावे. माझ्या माहितीप्रमाणे उपचारात मोठा वाटा बीटा कणांचा असतो.

रक्तपेशी_निदान

शहापूरकर सरांनी पाया घालून दिला आहे. मी व्यवसायाने पॅथॉलॉजिस्ट आहे, अणुवैद्यकातला तज्ज्ञ नाही; पण पॉलिसायथेमियाचे रुग्ण पाहतो. सरांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: होय, मज्जेवरचा परिणाम प्रामुख्याने बीटा कणांचाच.

पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये अस्थिमज्जेतील मूळ पेशी तांबड्या पेशी बनवण्याचे थांबतच नाहीत. रक्त दाट होते, चेहरा लालसर दिसतो, आंघोळीनंतर अंगाला खाज सुटते आणि खरा धोका असतो तो रक्ताच्या गुठळीचा: पक्षाघात, हृदयविकार, पोटातल्या शिरा बुजणे. फॉस्फेट हाडांत साठते आणि झपाट्याने विभागणाऱ्या पेशी ते जास्त उचलतात. या दोन्ही कारणांनी फॉस्फरस-३२ आपोआप मज्जेच्या शेजारी जाऊन बसतो. बर्कलीमध्ये जॉन लॉरेन्स यांनी, भाऊ अर्नेस्ट यांच्या सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात तयार झालेला हा पदार्थ १९३६ मध्ये ल्युकेमियाच्या रुग्णाला दिला आणि लवकरच तो पॉलिसायथेमियासाठीही वापरला. ल्युकेमियात त्याची फारशी मातब्बरी राहिली नाही, पॉलिसायथेमियात मात्र तो अनेक दशके टिकला.

काकांना दिलेली चार मिलिक्युरी, म्हणजे १४८ मेगाबेक्वेरेल, ही त्या काळची नेहमीची मात्रा होती. साधारण तीन ते पाच मिलिक्युरी देत असत. उपचार अगदी सोपा असे. एक इंजेक्शन द्यायचे आणि रुग्णाला घरी पाठवायचे. परिणाम दिसायला मात्र वेळ लागतो, कारण आधीच तयार झालेल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. नवीन उत्पादन मंदावले तरी हिमोग्लोबिन दोन-तीन महिन्यांत हळूहळू उतरते, तोपर्यंत रक्त काढून वेळ मारून न्यावी लागते. गरज पडल्यास काही महिन्यांनी दुसरी मात्रा देत. एका इंजेक्शनवर रुग्ण अनेकदा वर्ष-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ बरा राहत असे. आमच्या खेड्यापाड्यांतून दर आठवड्याला रक्त तपासायला येऊ न शकणाऱ्या वयस्क माणसासाठी ही केवढी सोय होती, याची कल्पना करावी.

मग तो मागे का पडला? १९६७ पासून पॉलिसायथेमिया व्हेरा स्टडी ग्रुप या गटाने रुग्णांचे तीन गट करून तुलना सुरू केली. एकाला केवळ रक्त काढणे, दुसऱ्याला क्लोरॅम्ब्युसिल हे औषध, तिसऱ्याला फॉस्फरस-३२. केवळ रक्त काढलेल्या गटात पहिल्या काही वर्षांत गुठळ्या जास्त झाल्या. क्लोरॅम्ब्युसिलच्या गटात ल्युकेमिया इतका वाढला की ते औषध त्या आजारात वापरू नये, असे ठरले. फॉस्फरस-३२ मध्येही ल्युकेमियाचा धोका दिसला, पण तो उशिरा, वर्षे लोटल्यावर. म्हणून पुढे ज्या रुग्णाच्या समोर अजून वीस-तीस वर्षांचे आयुष्य आहे त्याला तो देणे थांबले आणि तो वृद्धांपुरता उरला. दरम्यान हायड्रॉक्सीयुरियाची रोजची गोळी आली. २००५ मध्ये या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांत जॅक-टू जनुकातील एक ठराविक बदल सापडला, मग रुक्सोलिटिनिबसारखी नेमकी औषधे आली. आज आम्ही हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, ४५ टक्क्यांखाली ठेवतो, कमी मात्रेतील ॲस्पिरिन देतो, गरज पडेल तसे गोळ्या किंवा इंटरफेरॉन देतो. फॉस्फरस-३२ चे नाव कित्येक तरुण डॉक्टरांनी परीक्षेपुरतेच ऐकलेले असते.

मुलांच्या प्रश्नावर: काकांना हा उपचार झाला तेव्हा मुले आधीच जन्मलेली असतील, तर त्यांच्यावर परिणामाचा प्रश्नच उद्भवत नाही. बीटा कण शरीराबाहेर फारसे येत नाहीत, त्यामुळे शेजारी बसणाऱ्यालाही विशेष मात्रा मिळत नाही. पहिल्या काही दिवसांत लघवीतून काही भाग बाहेर पडतो, तेवढ्यापुरती शौचालयाच्या स्वच्छतेची काळजी घ्यायला सांगत असत.

खानापूर_भातशेती

शहापूरकर सर, डॉक्टरसाहेब, धन्यवाद. माझा प्रश्न शेतीचा आहे. आमच्या जांभ्या मातीत सुपर फॉस्फेट टाकले तरी पिकाला लागत नाही, असे कृषी खात्याचे लोक सांगतात. स्फुरद (फॉस्फरस) पिकाला किती लागला हे कळते तरी कसे? त्यासाठीही हा किरणोत्सारी फॉस्फरस वापरतात काय?

निपाणी_पानमळा

खानापूरकर दादांच्या प्रश्नाला जोडून माझाही एक. दुकानात मिळणारे खत किरणोत्सारी असते, असे व्हॉट्सॲपवर फिरत होते. तंबाखूमध्येही किरणोत्सार असतो म्हणे. यात तथ्य किती?

शहापूर_जीवरसायन

दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळू नयेत, म्हणून निपाणीकरांचा आधी घेतो. खतातला फॉस्फरस किरणोत्सारी नसतो, तो निसर्गातला स्थिर फॉस्फरस-३१ च असतो. मात्र ज्या खडकापासून सुपर फॉस्फेट बनते त्यात युरेनियम आणि रेडियम यांचे नैसर्गिक अंश असतात. रेडियमपासून रेडॉन वायू निघतो, त्यापासून शिसे-२१० आणि पोलोनियम-२१० तयार होतात. तंबाखूच्या पानावरील चिकट केसांवर हे अंश बसतात आणि धुरावाटे फुफ्फुसात जातात, हे शास्त्रीयदृष्ट्या मान्य झालेले आहे. तेव्हा तंबाखूबद्दलचा संदेश अगदीच खोटा नाही. पण त्यातील दोष फॉस्फरस-३२ चा नाही, आणि खताचे पोते हाताळल्याने शेतकऱ्याला काही होते असा निष्कर्ष त्यातून काढणे चूक ठरेल.

आता खानापूरकरांकडे. होय, अगदी नेमके याचसाठी तो वापरतात. पिकाच्या पानात सापडलेला स्फुरद खतातून आला की जमिनीतल्या जुन्या साठ्यातून, हे रासायनिक पृथक्करणाने सांगता येत नाही, कारण दोन्ही रसायने एकच. पण खतातील फॉस्फेटवर फॉस्फरस-३२ ची खूण केली, की पानातील किरणोत्सार मोजून खताचा वाटा वेगळा काढता येतो. १९५२ मध्ये फ्राइड आणि डीन या दोघांनी यावरून जमिनीतील उपलब्ध स्फुरद मोजण्याची 'ए-मूल्य' ही कल्पना मांडली. अशा प्रयोगांतून निघालेली गोष्ट साधी आणि कटू आहे: टाकलेल्या स्फुरदाचा लहानसा भागच त्या हंगामाच्या पिकाला मिळतो, बाकीचा मातीत अडकतो. तुमच्या जांभ्या मातीत तो लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधला जातो, अथणी-गोकाककडील चुनखडीयुक्त काळ्या मातीत कॅल्शियमशी. स्फुरद मातीत फारसा सरकतही नाही. खत शेतभर विखरून टाकण्याऐवजी बियाण्याजवळ, थोडे बाजूला आणि थोडे खाली पेरून द्यावे, या सल्ल्याला अशा प्रयोगांचा मोठा आधार आहे.

भाताला मात्र एक सवलत आहे. खाचरात पाणी साचले की मातीत प्राणवायू उरत नाही, तांबडे लोह आपले रूप बदलते आणि त्याच्याशी बांधलेला स्फुरद मोकळा होतो. म्हणून त्याच जांभ्या जमिनीत चिखलणी केलेल्या भाताला स्फुरदाची चणचण कोरडवाहू पिकाइतकी जाणवत नाही.

उसावर हे प्रयोग करायचे तर अडचण अर्धायुष्याची. १४३ दिवसांत दहा अर्धायुष्ये होतात आणि मूळच्या किरणोत्साराचा सुमारे एक हजारांश भाग उरतो. चिक्कोडी-निपाणीकडचा आडसाली ऊस दीड वर्ष शेतात असतो. लागणीच्या वेळी दिलेल्या खुणेच्या खताचा माग तोडणीपर्यंत काढणे शक्यच नाही, पहिल्या काही महिन्यांपुरते बोलता येते. फॉस्फरस-३३ चे अर्धायुष्य २५ दिवसांचे आहे, पण त्यानेही उसाचा प्रश्न सुटत नाही आणि तो महागही पडतो.

बाटली_आणि_काउंटर

मी काही वर्षे हैदराबादमध्ये एका रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केले, आता बेळगावात स्थायिक आहे. वरील प्रतिसादांत प्रत्यक्ष हाताळणीबद्दल काही आले नाही, म्हणून लिहिते.

आमच्याकडे फॉस्फरस-३२ लावलेला न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएचा घटक रेणू, येत असे. विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, म्हणजे ब्रिट, याचे हैदराबादला 'जोनाकी' नावाचे केंद्र आहे आणि तिथून देशभरातल्या प्रयोगशाळांना असे पदार्थ जात. मूळ फॉस्फरस मुंबईतील तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) संशोधन अणुभट्टीत, गंधकावर वेगवान न्यूट्रॉनांचा मारा करून बनवतात. कोरड्या बर्फात ठेवलेली कुपी आली की तिच्यावरची संदर्भ तारीख आधी पाहायची, कारण लिहिलेली मात्रा त्या दिवसाची असते. आज किती उरली, याचा तक्ता फ्रीजवर चिकटवलेला असायचा.

काम करताना शिशाची जाड भिंत लावली की झाले, असे नवख्याला वाटते. फॉस्फरस-३२ च्या बाबतीत ते उलट अंगाशी येते. वेगवान बीटा कण जड धातूवर अचानक थांबला की त्याच्या ऊर्जेचा काही भाग क्ष-किरणांच्या रूपात बाहेर पडतो. म्हणून सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे पारदर्शक ॲक्रिलिक आधी ठेवायचे, त्याच्या मागे हवे तर शिसे. हातमोज्यांचे दोन थर घालायचे, बाहेरचा थर वारंवार बदलायचा. छातीवर मात्रामापक बिल्ला, बोटात तसलीच अंगठी. नळी उघडी असताना तिच्या थेट वर हात न्यायचा नाही, कारण वरून ॲक्रिलिकचा आडोसा नसतो आणि बोटांना मिळणारी मात्रा तिथेच सर्वाधिक असते.

सदर्न पद्धतीत, जी १९७५ मध्ये एडविन सदर्न यांनी काढली, डीएनएचे तुकडे जेलमधून पातळ पडद्यावर घेऊन त्यावर खूण केलेला डीएनए, म्हणजे प्रोब, रात्रभर चिकटू द्यायचा. दुसऱ्या दिवशी पडदा धुताना किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर जवळ धरला की त्याच्या कडकडाटावरून अजून किती धुवायचे ते ठरे. मग पडदा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, अंधाऱ्या खोलीत क्ष-किरण फिल्मवर ठेवून, कॅसेट उणे सत्तर अंशांच्या फ्रीझरमध्ये. ताज्या प्रोबची फिल्म एका रात्रीत निघायची, दोन-तीन आठवडे जुन्या प्रोबला काही दिवस द्यावे लागत. डेव्हलपरच्या थाळीत लाल दिव्याखाली हळूहळू काळे पट्टे उमटताना पाहणे हा त्या कामातला एकमेव उत्कंठेचा क्षण. बाकी सारे वजाबाकी-भागाकार आणि कचऱ्याच्या नोंदी. अलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए ठसे अशाच पट्ट्यांत पाहिले आणि लालजी सिंग यांनी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत पट्टेरी मण्यार या सापाच्या डीएनएवरून तयार केलेला प्रोब न्यायालयीन प्रकरणांत आणला, तोही याच तंत्राने.

टिळकवाडी_संशय

मॅडम, वर्णन रंजक आहे, पण मला एक कळत नाही. आज डीएनएच्या असंख्य प्रती काढणारे पीसीआर तंत्र आहे, प्रकाशमान रंगद्रव्ये आहेत. मग इतका खटाटोप आणि धोका पत्करून हा पदार्थ वापरण्याचे कारण उरले आहे का? की जुन्या प्रयोगशाळांची सवय जात नाही एवढेच?

बाटली_आणि_काउंटर

सवयीचा भाग आहे, ते मी नाकारत नाही. डीएनएचा क्रम वाचणे, डीएनए ठसे, सर्वसाधारण ब्लॉटिंग या साऱ्यांतून फॉस्फरस-३२ जवळपास हद्दपार झाला आहे आणि ते योग्यच झाले. पण एक क्षेत्र असे आहे जिथे त्याला तोड मिळणे कठीण जाते. पेशीतील कायनेज नावाची विकरे, म्हणजे एन्झाइमे, एटीपीवरचा शेवटचा फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनावर चिकटवतात आणि कर्करोगाच्या कित्येक नव्या औषधांचे लक्ष्य हीच विकरे असतात. एटीपीच्या त्या शेवटच्या फॉस्फेटवर फॉस्फरस-३२ लावला, की तो प्रथिनावर किती गेला हे थेट मोजता येते. रंगद्रव्याचा रेणू फॉस्फेटपेक्षा कितीतरी मोठा असतो. तो लावल्यावर विकर त्या रेणूशी पूर्वीसारखेच वागेल, याची खात्री देता येत नाही. फॉस्फरस-३२ लावलेले एटीपी मात्र रासायनिकदृष्ट्या एटीपीच असते. शहापूरकर सरांनी सुरुवातीला सांगितलेला मुद्दा इथे पुन्हा उपयोगी पडतो.

शक्य तिथे फॉस्फरस-३३ वापरावा, असेही माझे मत आहे. त्याच्या बीटा कणाची ऊर्जा सुमारे सात पटींनी कमी असते, बोटांना मिळणारी मात्रा घटते आणि फिल्मवरचे पट्टे अधिक रेखीव येतात.

कारवार_रस्ता

आमच्या शेजारच्या जिल्ह्यात कैगा अणुवीज केंद्र आहे. हा फॉस्फरस तिथे तयार होतो का? आणि प्रयोगशाळेतला कचरा शेवटी कुठे जातो?

बाटली_आणि_काउंटर

कैगा वीज बनवते. फॉस्फरस-३२ संशोधन अणुभट्टीत बनतो, वर लिहिल्याप्रमाणे तुर्भ्याला. कचऱ्याचे म्हणाल तर अल्प अर्धायुष्य इथे कामी येते. हातमोजे, पिपेटची टोके, नळ्या ॲक्रिलिकच्या पेटीत तारीख लिहून कुलूपबंद ठेवायच्या, दहा अर्धायुष्ये जाऊ द्यायची, काउंटरने तपासायच्या, नोंद करायची आणि मगच किरणोत्साराचे चिन्ह खोडून टाकायच्या. हे सगळे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याखाली चालते. परवान्यासाठी किरण सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो आणि किती आणले, किती वापरले, किती टाकले याचा ताळा जुळावा लागतो.

गोवावेस_हाडदुखी

माझ्या आईचा गेल्या वर्षी हाडांचा स्कॅन झाला. तिला दिलेल्या औषधाच्या नावात फॉस्फोनेट असा शब्द होता. म्हणजे तिला हाच पदार्थ दिला का?

रक्तपेशी_निदान

नाही. तिथे किरणोत्सारी घटक टेक्नेशियम-९९एम असतो, सहा तासांच्या अर्धायुष्याचा आणि गॅमा किरण देणारा. फॉस्फोनेट त्याला हाडापर्यंत पोहोचवते, एवढेच. फॉस्फरस-३२ गॅमा देत नसल्यामुळे त्याचे नेहमीच्या पद्धतीने चित्र घेता येत नाही, म्हणून तो निदानापेक्षा उपचारात जास्त वापरला गेला.

तुमच्या प्रश्नामुळे उपचाराची राहिलेली बाजूही आठवली. कर्करोग हाडांत पसरल्यावर ज्या असह्य वेदना होतात, त्या शमवण्यासाठी भारतात फॉस्फरस-३२ तोंडावाटे द्रावणाच्या रूपात देत असत. तो देशात बनत असल्याने आयात केलेल्या स्ट्रॉन्शियम-८९ च्या मानाने स्वस्त पडे. वेदना बऱ्याच जणांच्या कमी होत, पण मज्जा दबून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटत. आता सॅमॅरियम-१५३ आणि ल्युटेशियम-१७७ ने ती जागा घेतली आहे. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या विकाराच्या, रुग्णांच्या गुडघ्यात वारंवार रक्तस्राव होऊन आतले अस्तर सुजते, तिथे फॉस्फरस-३२ चे कोलॉइड, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे द्रावण, टोचून ते अस्तर आटवण्याची पद्धत मला आजही अर्थपूर्ण वाटते. शस्त्रक्रिया म्हणजे या रुग्णांच्या जिवाशी खेळ असतो, आणि काही मिलिमीटरच जाणारा बीटा कण इथे नेमका सोयीचा पडतो. मेंदूतील क्रेनिओफॅरिंजिओमा या अर्बुदाच्या द्रवाने भरलेल्या गाठीतही असेच कोलॉइड सोडतात. स्वादुपिंडाच्या गाठीत टोचण्यासाठी फॉस्फरस-३२ असलेले सिलिकॉनचे सूक्ष्मकण निघाले असून युरोपात २०२० मध्ये त्यांना मान्यता मिळाली.

सगळेच प्रयोग फळले असे नाही. नव्वदच्या दशकात हृदयाची धमनी उघडी ठेवण्यासाठी तिच्यात घालायच्या जाळीदार नळीवर, म्हणजे स्टेंटवर, फॉस्फरस-३२ चा लेप देऊन पाहिला. स्टेंटच्या आत धमनी पुन्हा बुजेना, पण स्टेंटच्या दोन्ही टोकांना, जिथे किरणांची मात्रा अपुरी पडते तिथे, ती आवळली जाऊ लागली. पुढे औषधाचा लेप असलेले स्टेंट आले आणि तो विषय मिटला.

मार्कंडेय_काठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांच्या मुलांना हा धागा दाखवला. दोघांचाही जन्म उपचाराच्या बराच आधीचा आहे. शेवटचा प्रश्न भाचीकडून. तिला पुढील शिक्षणासाठी एका प्रयोगशाळेत प्रवेश मिळाला आहे आणि तिथे कायनेजवर काम चालते. घरचे घाबरले आहेत, विशेषतः तिचे लग्न ठरत आल्यामुळे. तिने नकार द्यावा का?

बाटली_आणि_काउंटर

नकार देण्याचे कारण मला दिसत नाही, पण तिने जाण्याआधी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. प्रयोगशाळेचा परवाना चालू आहे का, किरण सुरक्षा अधिकारी कोण आहेत, तिच्या नावाचा बिल्ला आणि अंगठी पहिल्या दिवसापासून मिळणार का, आणि त्यांचे अहवाल तिला पाहता येतात का. किरणोत्साराशी संबंधित कामगारासाठी आपल्याकडे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणमात्रेचे माप) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा आहे. नीट शिस्त पाळणाऱ्या प्रयोगशाळेत फॉस्फरस-३२ हाताळणाऱ्याच्या छातीवरील बिल्ल्याची नोंद बहुधा शून्याच्या आसपासच राहते. बोटांच्या अंगठीकडे मात्र लक्ष ठेवावे लागते.

लग्नाची आणि या कामाची सांगड घालण्याचे कारण नाही. गर्भ राहिल्याचे कळताच तिने लेखी कळवायचे. त्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला मिळणारी मात्रा एक मिलिसीव्हर्टच्या आत ठेवण्याची जबाबदारी संस्थेची असते आणि बहुतेक ठिकाणी तिला त्या कामापासून पूर्णपणे दूरच ठेवतात. तोंडाने किंवा जखमेतून तो शरीरात जाऊ न देणे सर्वांत महत्त्वाचे, म्हणून त्या खोलीत चहा, पाण्याची बाटली, मोबाईल यांतले काहीही न्यायचे नाही आणि बाहेर पडताना हात, बाह्या, चपलांचे तळवे काउंटरने तपासल्याशिवाय दार उघडायचे नाही. तिथल्या एखाद्या ज्येष्ठ विद्यार्थिनीशी तिने आधी फोनवर बोलून घ्यावे. अधिकाऱ्यांच्या कागदापेक्षा खोलीत रोज काय चालते ते तिच्याकडून जास्त कळेल.